पह्यले नारू, मंग फवारा

पोरांच्या पोटाला हात लावून देशाचं धोरण ठरतं, असं मला विशीत कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याच कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. पुढे तेच माझं पोट भरायचं काम झालं! शाळेच्या ओट्यावर पोरं रांगेत उभी करायची, सदरा वर, श्वास आत, आणि डाव्या बरगडीखाली बोटं दाबायची. निरोगी पोराची प्लीहा बरगडीआड असते, बोटांना सापडत नाही. हिवतापानं पुन्हा पुन्हा झोडपलेल्या पोराची मात्र फुगून खाली येते. आमच्याकडच्या बाया तिला पानथरी म्हणतात. गावातल्या किती पोरांची पानथरी हाताला लागली, यावर त्या गावाला फवारा आधी मिळणार की मागाहून, हे ठरायचं.

गंमत अशी की बरगडीखाली बोटं घातली की गुदगुल्या होतात. एक पोरगं खिदळलं की सगळी रांग खिदळते, आणि हसणारं पोट इतकं ताठ होतं की आत पानथरी आहे की खलबत्ता, काही कळत नाही. आमच्या डॉक्टरसाहेबांनी मला पहिल्याच दिवशी युक्ती शिकवली. पोराला विचारायचं, "काल काय खाल्लं रे?" पोरगं आठवायला लागलं की पोट आपोआप सैल पडतं. उत्तर कधी कधी "काही नाही" असं यायचं, पण काम थांबत नसे.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी आर्वीचा, नुकता मॅट्रिक झालेला, आणि अंगात वारं भरलेलं. वर्धा जिल्ह्यात हिवतापाच्या फवारणीच्या कामाला लागलो, आणि सगळी नोकरी त्याच खात्यात काढली. माझ्या बढत्यांची हकिगत इथे सांगत नाही. ती माझी बायकोसुद्धा ऐकून घेत नाही.

देशाला तेव्हा आजार काय थोडे होते? देवी, क्षय, महारोग, पटकी, खरूज, नारू, जे म्हणाल ते होतं. सगळ्यांना एकदम भिडायचं तर तेवढे डॉक्टर नव्हते, औषधं नव्हती, निम्म्या गावांना रस्ता नव्हता. मग आधी कोण? आमचे डॉक्टरसाहेब नागपूरचे, बारीक चणीचे, जीप स्वतः हाकणारे आणि हाकताना अखंड बोलणारे. ते सांगायचे, "पहिलं बघायचं, किती माणसं आडवी पडतात. मग बघायचं, आपल्या हातात त्यावर काही इलाज आहे का. आणि मग बघायचं ते कुणी बोलून दाखवत नाही. पंचवार्षिक योजना संपायच्या आत दिल्लीला दाखवण्याजोगं काही घडेल का?" हिवताप तिन्ही परीक्षांत पहिला आला. ऐन कापूस वेचायच्या दिवसांत गावंच्या गावं गोधड्या पांघरून कुडकुडत बसायची. आणि इलाज होता डीडीटी. पाण्यात कालवून घरातल्या भिंतींवर मारायची. डास माणसाला चावून जड झाला की भिंतीवर टेकतो, आणि टेकला की संपला.

मी देशाच्या पहिल्या नंबरच्या कामात आहे, या विचारानं मला झोप लागायची नाही! बादली, गाळणी, पंप, लांब नळी घेऊन आमची तुकडी गावात शिरली की वाटायचं, आपण फौज घेऊन निघालोय. एक जण पंप मारायचा, दुसरा नळी धरून भिंत वरून खाली भिजवायचा. बोर नदीच्या वरच्या अंगाला, हिंगणीच्या जंगलात गोंडांचे पाडे होते. तिथल्या पोरांची पानथरी शोधावी लागत नसे, नुसती डोळ्यांनी दिसायची. एका पाड्यावरचे म्हातारे कारभारी घरच्यांशी गोंडीत आणि आमच्याशी वऱ्हाडीत बोलायचे. सगळं घर फवारून झालं, फक्त देवाचा कोपरा आम्ही मुद्दाम सोडला होता. नसती भानगड कशाला, असा विचार. तर म्हातारबा चिडले.

"थो कोना काऊन सोडला?"

म्हटलं, "देव आहे तिथं."

"मंग? देवाले का मच्छर नाई चावत? थेही रातभर इथंच राह्यते ना!"

आम्ही देवाची भिंतही मारली. वर्षभरानं त्याच पाड्यावर गेलो तर पोरं झाडावर चढलेली. मागल्या खेपेला ज्यांना उभं धरायला आया लागत होत्या, ती पोरं! त्या दिवशी मी जीपमध्ये मोठमोठ्यानं गात आलो, आणि डॉक्टरसाहेबांनी मला गाऊ दिलं.

सेलूच्या बाजूला मात्र आमची कीर्ती वेगळ्याच कारणानं पसरली. फवाऱ्यानं ढेकूण मेले. हिवताप कमी झाला की नाही ते लोक नंतर बघणार होते, पण खाटेवर पडल्या पडल्या झोप लागायला लागली! गावोगाव "ढेकनाची दवावाले आले" म्हणून आमचं स्वागत व्हायचं. एका दुकानदारानं तर मला गादीच उचलून दिली आणि म्हणाला, "साहेब, हिलेही द्या एक हात." पुढे ढेकूणही निर्ढावले आणि दवा खाऊन मरेनासे झाले, तेव्हा त्याच लोकांनी आम्हाला शिव्या दिल्या.

असा सगळा विजयाचा मामला चाललेला असताना मला गिरजाबाई भेटली.

सेलूहून हिंगणीकडे जाताना लागणारं एक गाव. नाव सांगत नाही, कारण त्या गावाशी माझा अजून जेवणाखाण्याचा संबंध आहे. गावाच्या खालच्या अंगाला बौद्ध वस्ती. आदल्या दसऱ्याला सगळी वस्ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती, आणि माणसांच्या चालण्यातच फरक पडला होता. आम्ही श्रावणात तिथं फवारणी केली आणि काही दिवसांनी मी सायकलवर तपासणीला गेलो. फवारलेली भिंत ओळखू येते, तिच्यावर पांढुरके ओघळ असतात. वस्तीत शिरलो आणि बघतच राहिलो. एकही ओघळ नाही! सगळ्या भिंती शेणामातीनं ताज्या सारवलेल्या, गुळगुळीत. आमची सगळी डीडीटी त्या मातीखाली गाडली गेली होती.

बाहेरच्या वाचकाला यातली गोम सांगायला हवी. सारवण हा आमच्या धंद्याचा खरा वैरी. वेळापत्रक कचेरीत बसून ठरायचं, आणि नेमकं सणाच्या तोंडावर यायचं. आम्ही फवारून पाठ फिरवली की बाया त्या डागाळलेल्या भिंती सणासाठी लिंपून काढायच्या. त्यांचं चुकलं असं तरी कसं म्हणणार? पोळा जवळ आलाच होता. मी एका दाराशी बसलेल्या बाईला म्हटलं, "बाई, पोळ्याचं सारवण पंधरा दिवस थांबवलं असतं तर काय बिघडलं असतं?"

ती पन्नाशीची, उंच, बोटांना अजून ओली माती. हीच गिरजाबाई. ती शांतपणे म्हणाली, "पोळा पाटलाच्या बैलाइचा हाय, बाबू. आमी सनासाठी नाई सारोलं. आमी ठरोलं न् सारोलं."

"ठरवून? का?"

"या अंदर."

आत खाटेवर तिचा मुलगा मारोती पाय लांब करून पडला होता. घोट्याच्या वर जखम, जखमेतून बाहेर आलेला पांढरा दोरा, आणि तो दोरा एका काडीला गुंडाळलेला. नारू. रोज काडीला थोडासा पीळ द्यायचा, थोडासा जंत बाहेर काढायचा. घाई केली आणि तो तुटला तर पाय सुजून भोपळा होतो. मारोती पाटलाकडे सालदार होता, म्हणजे वर्षाच्या करारानं शेतावर राहिलेला गडी. पेरणीच्या तोंडावर नारूनं त्याला पाडलं आणि पाटलानं दुसरा गडी ठेवला. आदल्या वर्षीही हेच झालं होतं.

"याले का हाय तुमच्या पंपात?" गिरजाबाईनं विचारलं.

"नारूला नाही काही. हा फवारा हिवतापाचा."

"आमाले हिव येते. दोन रोज थरथरतो न् उठतो. यानं मानूस दोन-दोन महिने उठत नाई. पेरनी जाते, निंदन जाते. पह्यले का पाह्यजे, थे सरकारनं आपल्याच मनानं ठरोलं. आमाले काऊन नाई इचारलं? पह्यले नारू, मंग फवारा. तवरिक आमी सारोत राहू."

मी रागावलो होतो, खोटं कशाला सांगू. पण सायकल हातात धरून वस्तीतून फिरलो तेव्हा राग जिरला. घरोघरी एखादा तरी पाय काडीला बांधलेला. मग वरच्या गावात गेलो. तिथं नारू नाही! एकाच गावात, एकाच आकाशाखाली, खाली नारू आणि वर नाही? मी पुन्हा खाली आलो आणि त्यांची विहीर पाहिली, आणि सगळा उलगडा एकदम झाला. वरच्या गावाची विहीर बांधीव, काठ उंच, दोरानं पाणी ओढायची. तिथं या लोकांना कधी पाणी भरू दिलं गेलं नव्हतं. त्यांची विहीर पायऱ्यांची. बाया पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि गुंड, म्हणजे पाण्याची पितळी घागर, बुडवून भरायच्या. नारूवाला पाय पाण्यात गेला की जंत आपली पिल्लं तिथं सोडतो. ती पिल्लं पाण्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांच्या पोटात जातात, आणि ते किडे प्यायच्या पाण्यातून माणसाच्या. म्हणजे नारू पाण्यात नव्हता, पायऱ्यांत होता. मला तिथंच ओरडावंसं वाटलं. या आजाराला औषध नको, डॉक्टर नको, विलायती पावडर नको. पायऱ्या बुजवा, काठ बांधा, रहाट लावा, संपलं!

डॉक्टरसाहेबांपुढे मी हे सगळं एका दमात ओतलं. ते ऐकून घेत म्हणाले, "पटतं रे. पण नारूनं माणूस मरत नाही, म्हणून नारू दिल्लीपर्यंत जात नाही. विहीर आपल्या खात्यात बसत नाही."

"साहेब, आणि ती वस्ती फवाऱ्याशिवाय राहिली तर ते आपल्या खात्यात बसतं का?"

फवारणीचा नियमच असा की सगळी घरं झाली पाहिजेत. मध्येच एक मोहल्ला सुटला तर डास तिथं तग धरतात आणि शेजारच्या गावांचं कामही वाया जातं. डॉक्टरसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला, जीप काढली आणि मला घेऊन थेट त्या विहिरीवर आले. पायऱ्यांवर वाकून पाण्यात डोकावले.

"डासांच्या अळ्या दिसताहेत की नाही?"

मी डोकावलो. मला बेडूक दिसला. म्हटलं, "असतील, साहेब."

"असतीलच. अळ्या कुठल्या पाण्यात नसतात? म्हणजे ही विहीर डासांची जागा झाली. ती बांधून काढणं हिवतापाचं काम झालं." आणि ते इतके खूश झाले की विकास गटाच्या कचेरीत जाऊन, तासभर बोलून, सिमेंटची गोणी आणि एक गवंडी पदरात पाडूनच उठले. त्या दिवशी मला कळलं की देशानं एका आजाराला पुढे बसवलं की त्याच्या गाडीत मागच्या बाजूला दुसऱ्यालाही बसवता येतं. फक्त हाकणारा तसा हवा.

काम माघात धरलं, कारण तेव्हा पाणी खाली गेलेलं असतं. दगड वस्तीनं नाल्यातून वाहिला. पण एक पेच होता. पायऱ्या बुजवून काठ वर येईपर्यंत वस्ती पाणी कुठून पिणार? जवळ एकच विहीर, वरच्या गावाची. मी म्हटलं, "मी पाटलांना हात जोडून विचारतो."

गिरजाबाई उसळली. "हात काऊन जोडता? श्रावनात तुमचे पंपवाले त्याच हिरीवर पानी भरत होते. त्याइच्यातले दोघं सेलूचे, आमच्याच समाजाचे. सरकारी बाल्टीले बाट नाई लागला, मंग आमच्या गुंडाले लागन काय?"

तिची दृष्टी अशी सरळ आरपार जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या बाया रांगेनं वर निघाल्या, पुढे गिरजाबाई, डोक्यावर घासून लखलखीत केलेला गुंड. मी सायकल घेऊन बाजूनं चाललो होतो. विहिरीवर पाटील उभे होते, मागे चार माणसं. पाटलांच्या घरात त्या साली हिवतापानं दोघं झोपलेले, आणि फवारा अर्धा राहिला तर काय होतं, हे डॉक्टरसाहेबांनी त्यांना आधीच नीट समजावलं होतं.

पाटील माझ्याकडे बघून म्हणाले, "किती रोज?"

उत्तर गिरजाबाईनं दिलं. "आमची होयेपर्यंत, पाटील. आमची आमाले होऊनच राह्यली."

पाटील बाजूला झाले. राजीखुशीनं झाले असं मी लिहिणार नाही, पण झाले. गिरजाबाईनं दोर सोडला. पाणी वर आलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते लपवलं नाही.

विहीर झाली. कंबरेएवढा काठ, वर रहाट, भोवती उतरता ओटा. पाणी दुपदरी लुगड्यातून गाळून भरायचं, हे गिरजाबाईनं घरोघरी जाऊन सांगितलं. माझं कोण ऐकणार होतं? पुढच्या फवाऱ्याला वस्तीनं भांडीकुंडी आपणहून बाहेर काढली.

आणि पेरणीच्या सुमाराला नारू आला! मारोती पुन्हा खाटेवर, पुन्हा काडी. मी गेलो तेव्हा माणसं माझ्याकडे बघेनात. एक म्हातारा म्हणाला, "हिरीचं पानी ओढू ओढू बायाइचे हात गेले न् नारू आलाच. फोडा थो काठ." मी जीव तोडून सांगत होतो की नारू पोटात गेल्यापासून बाहेर यायला वर्ष लागतं, हा मागल्या वर्षीच्या पाण्यातला आहे, नव्या विहिरीतला नाही. पण ज्याचा पाय दुखतो त्याला वर्षाचा हिशोब कसा पटावा? मारोतीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याचं साल पुन्हा गेलं होतं.

गिरजाबाईनं मारोतीच्या काडीला हळूच पीळ दिला. मग म्हणाली, "पुढच्या पेरनीलोग काठाले कोनी हात नाई लावाचा. तवा बी आला, तं मीच पह्यला गोटा काढीन." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "न् तुमाले बलावून काढीन."

ते वर्ष मी कसं काढलं ते मलाच ठाऊक. जिल्हाभर पानथऱ्या लहान होत चालल्या होत्या, वरचे साहेब पाठ थोपटत होते, आणि माझं चित्त त्या एका विहिरीत अडकलेलं. आणखी किती गावांत पायऱ्यांच्या विहिरी आहेत ते मी डोळ्यांनी बघत होतो. प्रत्येक ठिकाणी अळ्या दाखवून भागणार नव्हतं, आणि डॉक्टरसाहेबांची बदलीही झाली होती. देशानं नारूला स्वतःचा नंबर दिला तो कितीतरी वर्षांनी, माझे केस पिकायला लागले तेव्हा. वर्तमानपत्रात ती बातमी वाचून मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. मधल्या काळात किती पेरण्या खाटेवर गेल्या असतील!

पण त्या वर्षीचं सांगतो. पेरणी सुरू झाल्याचं कळलं तेव्हा माझी नेमणूक जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला होती. सुटी मिळाली तशी सायकल दामटत निघालो. वस्तीत शिरलो तर सामसूम. दारं लोटलेली, ओट्यावर कुणी नाही, खाटा भिंतीला उभ्या टेकवलेल्या. विहिरीकडे पळालो. काठ जागेवर होता, दोर ओला होता. पण माणसं कुठे? हाका मारल्या, तर एका कुत्र्यानं तेवढी दखल घेतली. मग वाऱ्यावर कुणीतरी बैलांना ओरडल्याचा आवाज आला आणि मी वस्तीच्या मागच्या बांधावर चढलो.

सगळी वस्ती वावरात होती. पाटलाच्या वावरात तिफण चालली होती आणि तिफणीमागे मारोती होता, दोन्ही पायांवर, घोट्यापर्यंत ओल्या मातीत. बाया ओळीनं सरकी टोबत होत्या, एकेक बी मातीत खोचत. मी एकेकाचे पाय बघत होतो, मातीतून निघणारे आणि मातीत पडणारे. एकाही पायाला काडी नव्हती.

गिरजाबाईनं मला बांधावर पाहिलं, कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली आणि अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "काऊन हो बाबू! पाय पाहाले आले काय? घरी का पाहाता, पाय तं वावरात हायेत!"

मी सायकल बांधावरच टाकली आणि बुटासकट वावरात उतरून तिच्याकडे धावत सुटलो.